वेष्टनावरचे हिरवे पान कोण रंगवते?

पर्यावरणाच्या जाहिरातीचा धंदा चालतो कसा, बिघडतो कुठे आणि आपल्या मुलामुलींना त्यात वाव किती

वाचकहो, महिन्याचा किराणा भरून आणला की पिशवीतल्या वस्तू एकदा नीट पाहा. भांडी घासायच्या साबणावर एक हिरवे पान असते. फरशी पुसायच्या औषधावर झाड असते. पाण्याच्या बाटलीवर डोंगर आणि झरा असतो. आणि जवळपास प्रत्येकावर ‘निसर्गाचा मित्र’ अशा अर्थाचे काही ना काही लिहिलेले असते. हे पान तिथे आपोआप उगवलेले नाही. कोणीतरी ठरवून, पैसे मोजून ते रंगवून घेतले आहे. ते रंगवणाऱ्यांचाही एक धंदा आहे आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो चांगलाच वाढला आहे.

आपल्याला या धंद्याशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. दोन कारणांनी करायचे आहे. एक म्हणजे, त्या पानाची किंमत शेवटी आपल्याच खिशातून जाते. दुसरे म्हणजे, आपली मुले-मुली आता पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क असे अभ्यासक्रम शिकून बाहेर पडत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी असल्या एजन्सीत नोकरीला लागेल, कोणी स्वतःची छोटी एजन्सी काढील. तेव्हा हा धंदा आतून कसा चालतो ते घरातल्या सर्वांनी समजून घेतलेले बरे.

सुरुवात कशी झाली

जाहिरात एजन्सी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. कारखानदार माल बनवतो, एजन्सी त्या मालाचे गुणगान लोकांपर्यंत पोचवते आणि त्याचे पैसे घेते. पण फक्त पर्यावरण जपणाऱ्या मालाचे आणि कामाचेच आम्ही गुणगान करू, बाकीचे नाही, असे ठरवून बसणे ही नवी गोष्ट होती.

अमेरिकेत जॅकलिन ऑटमन या बाईंनी १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये याच विषयाला वाहिलेली सल्लागार संस्था काढली. १९९३ साली त्यांचे ‘ग्रीन मार्केटिंग’ हे पुस्तक निघाले. पुढे २००१ साली लंडनमध्ये सॉलिटेअर टाउनसेंड आणि एड गिलेस्पी या दोघांनी ‘फ्युटेरा’ नावाची एजन्सी सुरू केली. पर्यावरण हाच तिचा एकमेव विषय. ब्रिटिश सरकारला हवामानबदलाबद्दल जनतेशी कसे बोलावे याचे नियम या संस्थेने लिहून दिले, ते २००५ साली. पुढे तिने स्टॉकहोम आणि न्यूयॉर्क येथेही कचेऱ्या उघडल्या.

फ्युटेराची एक शिकवण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोकांना प्रलयाची भीती दाखवून ते बदलत नाहीत. उलट घाबरलेला माणूस कान झाकून घेतो. त्याला काय सोडायचे ते सांगण्याआधी काय मिळणार ते दाखवा : स्वच्छ हवा, कमी बिल, मुलांना खेळायला जागा. आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचे तर डाळीतल्या प्रथिनांवर भाषण करू नका, फोडणीची चरचर ऐकू द्या. भूक आपोआप लागेल.

एजन्सीत दिवसभर करतात काय?

अनेकांना वाटते, चांगले चित्र काढले, झोकदार ओळ लिहिली की झाली जाहिरात. प्रामाणिक एजन्सीत ते काम सगळ्यात शेवटी येते.

आधी माल तपासतात. समजा, एक कारखानदार आला आणि म्हणाला, ‘माझी पिशवी पर्यावरणपूरक आहे, जाहिरात करा.’ एजन्सीतली माणसे त्याला विचारतात : पिशवी कशाची? कच्चा माल कुठून आला? रंग कुठला, रंगाचे सांडपाणी कुठे जाते? किती वेळा वापरता येते? फाटल्यावर तिचे काय होते? जन्मापासून राखेपर्यंतचा हा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग प्रत्येक दाव्याला कागद मागतात. प्रयोगशाळेचा दाखला, सरकारी प्रमाणपत्र, वीज-पाण्याची बिले. कागद नसेल तर तो दावा गाळतात. त्यानंतर गिऱ्हाईक कोण, ते काय वाचते, काय पाहते, कशाला कंटाळते, याचा शोध. आणि एवढे झाल्यावर मग लेखक आणि चित्रकार कामाला बसतात.

पैसे कसे मिळतात तेही पाहू. जुनी पद्धत अशी की वर्तमानपत्रात जेवढ्या रकमेची जागा घेतली त्यावर एजन्सीला दलाली, आपल्या देशात ती साधारण शंभराला पंधरा अशी चालत आली आहे. या पद्धतीत खोट अशी की जास्त जाहिरात झाली तर एजन्सीची कमाई जास्त. मग ‘एवढ्या जाहिरातीची गरज नाही’ असा खरा सल्ला कोण देईल? म्हणून सल्ला देणाऱ्या एजन्सी बहुधा कामाची ठरावीक फी किंवा महिन्याचा बांधलेला मेहनताना घेतात. धंदा सुरू करणाऱ्याने हा फरक पहिल्या दिवसापासून ओळखावा. पैसा ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने जीभ वळते.

दोन दिव्यांची गोष्ट

फिलिप्स कंपनीने १९९४ साली अमेरिकेत वीज वाचवणारा दिवा आणला. नाव ठेवले ‘अर्थलाइट’, म्हणजे पृथ्वीचा दिवा. नाव थोर, पण किंमत १५ डॉलर, आणि साधा दिवा मिळत होता पाऊण डॉलरला. शिवाय आकार असा बोजड की बऱ्याच घरांतल्या दिवाणीत तो बसेना. पृथ्वीच्या नावाने लोक काही तो घेईनात. २००० साली कंपनीने त्याच जातीच्या दिव्याचा आकार सुधारला, नाव बदलून ‘मॅरेथॉन’ केले आणि सांगितले, हा पाच वर्षे टिकतो आणि तेवढ्या काळात विजेचे वीस डॉलरहून अधिक वाचवतो. बाजार एरवी थंड असताना या दिव्याची विक्री शंभराला बाराने वाढली. दिवा साधारण तोच. सांगायची रीत बदलली आणि वापरणाऱ्याची अडचण दूर झाली.

आपल्या देशातला दाखला तर घराघरात आहे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली आणि त्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. बायाबापड्यांनी रांगा लावून हे दिवे घेतले, ते ध्रुवावरचा बर्फ वाचवण्यासाठी नव्हे. हिशेब सरळ होता. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट वीज जाळतो. त्याच्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटही लागत नाही. सरकारने मोठी खरेदी एकत्र केल्यामुळे दिव्याची किंमतही खाली आली.

यातून धंद्याचा पहिला धडा मिळतो. गरीब माणसाला पर्यावरणाचे कळत नाही, असे म्हणणाऱ्या एजन्सीला गरीब माणूसच कळलेला नसतो. चिंधीची गोधडी, डब्याची कुंडी, जुन्या साडीची पिशवी हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्या घराला काटकसर शिकवायला जाहिरात लागत नाही. त्याला परवडणारी आणि टिकणारी वस्तू लागते.

हिरवा मुलामा

आता याची दुसरी बाजू. पितळेवर सोन्याचे पाणी चढवावे तसे मळक्या धंद्यावर हिरवे पाणी चढवणे, याला इंग्रजीत ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. १९८६ साली जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने हा शब्द वापरला. हॉटेलवाले पाहुण्यांना सांगतात, निसर्ग वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. पण त्यात वाचतो तो त्यांचा धुलाईचा खर्च आणि बाकीची उधळपट्टी तशीच चालू, हे त्याच्या लक्षात आले.

मोठ्या एजन्सींनी हा मुलामा किती सफाईने चढवला त्याचे उदाहरण म्हणजे तेलाचा व्यापार करणारी बीपी ही ब्रिटिश कंपनी. २००० साली तिने हिरव्या-पिवळ्या सूर्यफुलासारखे नवे बोधचिन्ह घेतले आणि ‘पेट्रोलियमच्या पलीकडे’ अशी घोषणा केली. ही मोहीम ओगिल्व्ही या नामांकित एजन्सीची. माणसाने स्वतःच्या कर्बठशाचा हिशेब करावा, ही कल्पनाही या कंपनीच्या जाहिरातींनीच घरोघर पोचवली. म्हणजे तेल उपसणारा बाजूला राहिला आणि दिवा लावणारा गुन्हेगार ठरला! पुढे एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात याच कंपनीच्या तेलविहिरीवर स्फोट झाला. अकरा कामगार मेले आणि समुद्रात महिनोन्‌महिने तेल वाहत राहिले. पेट्रोलियमच्या पलीकडे कंपनी किती गेली होती ते जगाला दिसले.

फोक्सवॅगनचे प्रकरण तर याहून उघड. ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून अमेरिकेत गाड्यांची जाहिरात झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले की गाडीत अशी युक्ती बसवली होती की तपासणीच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर मात्र भरमसाट. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. अमेरिकेच्या ग्राहक-व्यापार आयोगाने २०१६ साली खोट्या जाहिरातीबद्दल कंपनीवर खटला भरला.

खोट्या हिरव्या जाहिरातीत फसतो कोण? जास्त पैसे मोजून ‘चांगली’ वस्तू घेणारा फसतो. खरोखर चांगला माल बनवणारा छोटा कारागीर फसतो, कारण त्याच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि धुरात राहणारे, नाल्याकाठी राहणारे फसतात, कारण त्यांचे दुखणे जाहिरातीत मिटलेले असते आणि वस्तीत तसेच असते.

गिऱ्हाईक परत पाठवायचे धैर्य

अशी एजन्सी चालवणाऱ्याची खरी परीक्षा चित्रात किंवा लिखाणात नसते. ती होते दारात मोठे गिऱ्हाईक उभे राहते तेव्हा. महिनाअखेर जवळ आलेली असते, आठ-दहा माणसांचे पगार द्यायचे असतात, जागेचे भाडे थकलेले असते. आणि एखादी तेलकंपनी किंवा प्रदूषण करणारा कारखाना वर्षभराचे काम घेऊन येतो. म्हणतो, आमच्या एका झाडे लावण्याच्या कार्यक्रमाची जाहिरात करा. झाडे तर खरीच लावलेली असतात. मग करायची की नाही?

२०२४ साली हा प्रश्न जगासमोर आला. हॅवस हा फ्रान्सचा मोठा जाहिरातसमूह. त्याच्या चार एजन्सींना ‘बी कॉर्प’ हे प्रमाणपत्र होते. समाज आणि निसर्ग यांचे भान ठेवून धंदा करणाऱ्यांना बी लॅब ही संस्था ते देते. सप्टेंबर २०२३ मध्ये याच समूहाने शेल या तेलकंपनीच्या जाहिराती जगभर लावण्याचे काम घेतले. इतर प्रमाणित एजन्सींनी तक्रार केली, चौकशी झाली आणि जुलै २०२४ मध्ये चारही एजन्सींचे प्रमाणपत्र गेले. त्या चार कचेऱ्या शेलचे काम स्वतः करत होत्या असेही नाही. पण एका घरात एकाने जुगाराचा अड्डा चालवायचा आणि दुसऱ्याने व्यसनमुक्तीचा फलक लावायचा, हे लोकांना पटले नाही.

त्याआधी महिनाभर, ५ जून २०२४ या पर्यावरणदिनी, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनिओ गुटेरेस यांनी न्यूयॉर्कच्या भाषणात जाहिरात आणि जनसंपर्क कंपन्यांना थेट आवाहन केले होते की कोळसा-तेलवाल्यांची नवी कामे घेऊ नका आणि आहेत ती सोडण्याची तयारी करा. अमेरिकेत २०२० साली सुरू झालेल्या ‘क्लीन क्रिएटिव्हज’ या मोहिमेत हजाराहून अधिक एजन्सींनी तशी लेखी शपथ घेतली आहे. फ्युटेरासारख्या एजन्सींनी तर आपले उत्पन्न कोणत्या उद्योगाकडून किती येते ते जाहीर करण्याचा पायंडा पाडला. वहीच उघडी ठेवली की संशयाला जागा उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, पोट भरलेल्यांचे हे चोचले आहेत. नव्याने धंद्यात उतरलेल्या आपल्या मुलाने आलेले काम परत पाठवले तर तो खाणार काय? प्रश्न खोटा नाही. याचे उत्तर धंद्याच्या मांडणीत आहे. एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून अधिक उत्पन्न अवलंबून ठेवू नये. तीन-चार महिन्यांचा पगार गाठीशी असल्याशिवाय मोठी जागा, मोठी माणसे घेऊ नयेत. कोणते काम घ्यायचे नाही ते सुरुवातीलाच कागदावर लिहून भागीदारांच्या सह्या घ्याव्यात. कडकीच्या दिवशी नियम बनवायला बसले तर तो नियम कडकीच बनवते.

आता एजन्सीही जबाबदार

आपल्याकडे जाहिरात मानक परिषद म्हणजे आस्की १९८५ पासून आहे. पर्यावरणाच्या दाव्यांबद्दल तिचे खास नियम १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. मात्र ही जाहिरातवाल्यांची स्वतःचीच संस्था. कायद्याचा हात आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हिरव्या मुलाम्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या कारखानदाराला लागू आहेत, तशाच जाहिरात एजन्सीलाही. ‘गिऱ्हाइकाने सांगितले, आम्ही लिहिले’ ही सबब आता चालणार नाही.

‘हिरवे’, ‘शुद्ध’, ‘पर्यावरणस्नेही’, ‘शाश्वत’ असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. कशाच्या बाबतीत आणि किती, ते खुलासेवार सांगावे लागते. दावा संपूर्ण वस्तूचा आहे की नुसत्या वेष्टनाचा, तेही सांगावे लागते. ‘कुजणारे’, ‘प्लास्टिकमुक्त’ अशा दाव्यांना पुरावा लागतो. पुढच्या वीस वर्षांच्या बाता मारायच्या तर त्याची कृती-योजना दाखवावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे खोट्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

सरकारची स्वतःची एक खूणही आहे. १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना निघाली तेव्हा खूण म्हणून निवडले होते आपले मातीचे मडके. फार थोड्या कंपन्यांनी ती घेतली, आणि २०२४ साली तिच्या जागी नवे नियम आले. त्यामुळे बाजारात जी पाने-फुले दिसतात ती बहुतेक कंपनीने स्वतःच काढलेली असतात, सरकारी नव्हेत, हे आईबहिणींनी ध्यानात ठेवावे.

घरातल्या घरात एवढे पाहता येईल :

• ‘निसर्गस्नेही’ लिहिले असेल तर खाली कारण लिहिले आहे का? नसेल तर त्या शब्दासाठी एक पैसाही जास्त देऊ नये.

• पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ लिहिले असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का ते पाहावे. अशी पिशवीही गटारात टाकली तर सहजी कुजत नाही. तिला खताच्या कारखान्यातली उष्णता लागते.

• पंखा, फ्रीज घेताना पानाफुलांकडे न पाहता वीजबचतीचे तारे मोजावेत.

• फसवणूक झाली असे वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. वेष्टन आणि पावती फेकू नये.

लाल ठिपक्याची ताकद

मोठ्या पैशाशिवाय मोठी गोष्ट लोकांच्या गळी उतरवता येते, हे पुण्याच्या कचरा वेचणाऱ्या भगिनींनी दाखवले आहे. १९९३ साली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. यातल्या बहुसंख्य दलित समाजातल्या बाया. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

या भगिनींना रोज उघड्या सॅनिटरी पॅडना हात लावावा लागे. त्यांनी २०१३ साली गोळा केलेली पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवायची मोहीम काढली. शहरातल्या घरांना मात्र त्यांनी साधीच विनंती केली : पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की हाताळणारी सावध होते. वेष्टनासोबत पाकीट देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे कलम २०१६ च्या घनकचरा नियमांत आले. एका लाल ठिपक्यात अख्खी मोहीम सामावली, आणि ती ज्यांच्या हाताला इजा होत होती त्यांनीच बांधली.

आजकाल अनेक कंपन्यांच्या हिरव्या चित्रफितींत कचरा वेचणारी एखादी हसरी बाई दिसते. अशी फीत बनवणाऱ्या आपल्या मुलाने किंवा मुलीने दोन प्रश्न विचारावेत : हिला त्या कंपनीकडून रोज किती मिळतात? आणि ही फीत तिला दाखवून तिची संमती घेतली का? ज्याच्या घरातले कोणी हे काम केले आहे, त्याच्या मनात हे प्रश्न आपोआप येतात. ही दृष्टी कॉलेजात मिळत नाही. या धंद्यात ते आपले भांडवल आहे.

सुरुवात लहान असली तरी चालेल. तालुक्याच्या गावी बचतगटाचे पदार्थ, कापडी पिशव्या शिवणाऱ्या बाया, सौरदिवे बसवणारा तरुण, गांडूळखत विकणारा शेतकरी, या सर्वांना आपला माल नीट सांगणारा कोणी हवा असतो. एक संगणक, एक चांगला मोबाइल आणि खरे मराठी लिहिता येणारा हात एवढ्यावर काम सुरू होते. मात्र पर्यावरणाची जाहिरात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर छापू नये. फ्लेक्स आले आणि कापडावर, भिंतीवर अक्षरे रंगवणाऱ्या किती पेंटरांचे ब्रश वाळून गेले ते आपण वस्तीत पाहिले आहे. अशा एखाद्या पेंटरकाकांना कापडी फलकाचे काम दिले, तर प्लास्टिक वाचते, एका घरात चूल पेटते आणि फलक पाहणाऱ्याला न सांगता कळते की ही एजन्सी बोलते तशी वागते.

आपल्या घरात कोणी या वाटेला निघाला असेल तर त्याला अडवू नका. फक्त पहिले काम हाती आले की त्याला विचारा, या मालाचा कागद पाहिलास का?